‘हॉस्पिटल, शोलापूर’ : जुन्या चित्रकार्डावरची इमारत ओळखायची कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत एक जुनं चित्रकार्ड सापडलं. पुढे एकमजली दगडी इमारत, लांबलचक व्हरांडा, दारात टांगा. खाली इंग्रजीत ‘हॉस्पिटल, शोलापूर’ एवढंच छापलेलं. मागे मधोमध उभी रेघ, डावीकडे चार ओळी मोडी, तिकीट अर्धं उडालेलं आणि शिक्क्यातल्या गावाच्या नावाची शेवटची पाच इंग्रजी अक्षरंच लागतात : एल, ए, पी, यू, आर. आजोबा सिव्हिलमध्ये कंपाउंडर होते, म्हणून घरचे म्हणतात की हे सिव्हिलच. तुम्हाला तीन गोष्टी हव्यात : हे नक्की कुठलं रुग्णालय, कार्ड किती जुनं, आणि लॅमिनेट करून हॉलमध्ये लावलं तर चालेल का.

शेवटच्याचं उत्तर आधी देते, कारण तेवढंच घाईचं आहे. लॅमिनेट करू नका. लॅमिनेशनमध्ये कागद तापतो आणि प्लॅस्टिक त्याला कायमचं चिकटतं. ते नंतर काढायला गेलात तर चित्राचा थर आणि मागची शाई त्याच्याबरोबर निघून येते. बाकी दोन प्रश्नांना महिना लागला तरी बिघडत नाही.

आता मूळ मुद्दा. ‘कार्ड किती जुनं’ हा प्रश्न एकच वाटतो, पण त्यात तीन तारखा असतात : फोटो काढला ती, कार्ड छापलं ती आणि कार्ड टपालात पडलं ती. छापणारे जुन्या काचेच्या प्लेटवरून वर्षानुवर्षं नवी कार्डं काढत, दुकानात गठ्ठे पडून राहत आणि घेणारा कधीतरी पत्र लिही. त्यामुळे शिक्का सांगतो तो फक्त अलीकडचा काठ, म्हणजे कार्ड या तारखेनंतरचं नाही इतकंच. इमारत त्याआधीची, इतकंच त्यातून निघतं. बहुतेक घोळ या तीन तारखा एक धरल्यामुळे होतात. तसंच कार्डाची मागची बाजू कागदाबद्दल बोलते आणि पुढची इमारतीबद्दल. एका बाजूचा पुरावा दुसरीला परस्पर लावायचा नाही.

मी मागच्या बाजूपासून सुरुवात करते. तुमच्या कार्डाला उभी रेघ आहे, ही मोठी खूण. आपल्याकडे १ जुलै १८७९ ला पाव आण्याचं सरकारी पोस्टकार्ड सुरू झालं. त्यानंतर आलेल्या चित्रकार्डांवर सुरुवातीला मागची अख्खी बाजू पत्त्यासाठी असे, मजकूर चित्राच्या कडेला कसाबसा कोंबावा लागे. ब्रिटनने १९०२ मध्ये मागची बाजू रेघेने विभागायला परवानगी दिली आणि आंतरराष्ट्रीय टपालाला ती मुभा १ ऑक्टोबर १९०७ पासून मिळाली. म्हणजे रेघ असलेलं कार्ड १९०२ च्या आधीचं नसणार. रेघेच्या डावीकडे ‘ही जागा फक्त देशांतर्गत टपालात मजकुरासाठी वापरावी’ अशा अर्थाचं बारीक इंग्रजी वाक्य असेल, तर ते त्या मधल्या पाचसहा वर्षांतलं असण्याची शक्यता बरीच. कडेला ‘सॅक्सनी’ किंवा ‘जर्मनी’त छापल्याचा उल्लेख असेल, तर छपाई सहसा ऑगस्ट १९१४ च्या आधीची. महायुद्ध सुरू झाल्यावर तो माल बंद पडला.

तिकिटाचा अर्धा तुकडा उरला आहे, तोही कामाचा. भिंगाखाली चेहरा बघा. व्हिक्टोरिया राणी, दाढीवाले सातवे एडवर्ड (तिकिटं १९०२ पासून), मुकुट घातलेले दाढीवाले पाचवे जॉर्ज (१९११ पासून), बिनदाढीचे सहावे जॉर्ज (१९३७ पासून). जुनी तिकिटं पुढच्या राजाच्या काळातही चालत, म्हणून इथे मिळतो तो अलीकडचा नव्हे, पलीकडचा काठ, म्हणजे कार्ड त्याआधी टपालात पडलेलं नाही. मग किंमत बघा. देशांतर्गत कार्डाचा दर १९२२ पर्यंत पाव आणा, म्हणजे ३ पै होता. त्या वर्षी तो अर्धा आणा झाला. पाव आण्याचं तिकीट असलेलं कार्ड दंडाच्या शिक्क्याशिवाय पोहोचलं असेल, तर ते १९२२ च्या आधीचं मानायला हरकत नाही. उलट बाजू मात्र पक्की नाही. हाताशी पाव आण्याचं तिकीट नसलं की लोक जास्त किमतीचं लावून मोकळे होत, शिवाय परदेशी कार्डाचा दर वेगळा होता. आणि एक कळकळीची विनंती : उरलेलं तिकीट पाण्यात भिजवून काढू नका. सुटं तिकीट बाजारात ढिगाने मिळतं. कार्डावर शिक्क्यासकट बसलेलं तिकीट हाच पुरावा आहे.

शिक्क्यातल्या पाच अक्षरांबद्दल. इंग्रजीत कोल्हापूर लिहिलं तर शेवट एच-ए-पी-यू-आर होतो, विजापूरचा जे-ए-पी-यू-आर आणि निजामाच्या मुलखातल्या शोरापूरचा, म्हणजे आजच्या सुरपूरचा, आर-ए-पी-यू-आर. तुमच्याकडे ‘पी’च्या आधी एल-ए आहे, त्यामुळे सोलापूर बसतं. मात्र पहिला ‘एल’ पुन्हा एकदा तपासा. शाई नीट उठली नाही की ‘आर’ची खालची तंगडी तेवढी उरते आणि ती ‘एल’सारखी दिसते. कार्ड प्रकाशाला तिरपं धरून मोबाइलवर जवळून फोटो घ्या आणि फोटो एडिटरमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवा. फिकट शिक्का पुष्कळदा तेवढ्यानेही वाचता येतो. शिक्क्यात दिवस, महिन्याची इंग्रजी अक्षरं आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे असतात. जिथे टाकलं आणि जिथे पोहोचलं अशा दोन्ही गावांचे शिक्के असतील तर दोन्ही वाचा, एकात पुसलेलं दुसऱ्यात सापडतं. इतकं करूनही शिक्का फक्त कार्ड कुठल्या गावी टपालात पडलं तेवढंच सांगतो. चित्र कशाचं, हे त्यातून कळत नाही.

मोडीच्या चार ओळी तुमच्या हातातला सगळ्यात मोठा ऐवज आहे, आणि लोक नेमकं त्याच्याकडेच दुर्लक्ष करतात. मोडी वाचणारे आजही भेटतात, शिकवणारे वर्गही चालतात. मायन्याच्या वर किंवा शेवटी मिती असण्याची शक्यता दाट आहे : ‘आषाढ शुद्ध ५ शके १८२९’ अशा धर्तीची. इसवी सन काढताना गुढीपाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत शकात ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. म्हणजे शके १८२९ चा आषाढ १९०७ मध्ये आणि त्याच शकाचा माघ १९०८ मध्ये. तिथीबरोबर वारही लिहिला असेल तर जुन्या पंचांगाशी ताडून बघा. वार जुळला तर वाचन बरोबर, नाही जुळला तर मोडीतला एखादा आकडा चुकीचा लागला आहे. मजकुरात ‘इकडे दवाखान्यात आणले आहे’ किंवा ‘फोटो पाठविला तो अमुक ठिकाणचा’ असं एखादं वाक्य निघालं, तर पुढची निम्मी मेहनत वाचते.

आता कार्ड उलटा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. ते घड्याळजीकडे मिळतं. आकाश किंवा भिंतीसारखा सपाट भाग निवडून बघा. एका ओळीत बसलेले ठिपके दिसले तर ती हाफटोन छपाई. ठिपके नाहीत पण वाळलेल्या चिखलाला पडतात तशा नागमोडी बारीक भेगांची जाळी दिसली तर कोलोटाइप. चांगल्या प्रतीची बरीच जुनी कार्डं या पद्धतीने छापलेली आहेत. ठिपके नाहीत, जाळीही नाही, सावल्या सलग उतरत गेल्यात आणि काळ्या भागावर तिरप्या उजेडात चंदेरी झाक येते, तर तो फोटोग्राफिक कागदावर काढलेला खरा फोटो आहे. ती चंदेरी झाक म्हणजे वर आलेली चांदी. तिला घाण समजून पुसू नका. खरा फोटो असेल तर मागे तिकिटाच्या चौकटीत कागदाच्या कंपनीचं नाव बघा. ‘अझो’ कागदावर चारही कोपऱ्यांतले त्रिकोण वर टोक करून असतील तर साधारण १९०४ ते १९१८, दोन वर आणि दोन खाली असतील तर साधारण १९१८ ते १९३०. हा काळ अंदाजाचाच धरायचा, पण कामाला येतो.

हा फरक इतका का महत्त्वाचा? छापील कार्ड शेकड्याने निघत असे, म्हणजे त्याच चित्राची दुसरी स्वच्छ प्रत कुठेतरी असणार आणि शोधायला अर्थ आहे. खरा फोटो मात्र गावातल्या फोटोग्राफरने दहावीस प्रतींपुरता केलेला असू शकतो, कदाचित रुग्णालयातल्या मंडळींसाठीच. तुमचे आजोबा तिथे नोकरीला होते, त्यामुळे ही शक्यता सोडून देऊ नका.

मग प्रश्न येतो, ही इमारत कुठली? ‘सिव्हिलच’ म्हणण्याआधी बाकीचे पर्याय मोजायला हवेत. जुन्या सोलापुरात दवाखाना म्हणजे फक्त सिव्हिल नव्हतं. लेडी डफरीन यांनी १८८५ मध्ये हिंदुस्थानातल्या स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून निधी उभा केला आणि त्यातून गावोगाव बायकांचे दवाखाने निघाले. आपल्या डफरीन चौकाचं आणि तिथल्या प्रसूतिगृहाचं नाव त्याच परंपरेतलं. रेल्वेचं मोठं ठाणं म्हणून रेल्वेचा दवाखाना, गिरण्यांचे दवाखाने आणि अमेरिकन मराठी मिशनचं काम हेही होतंच. मिशनची कार्डं परदेशात देणगीदारांना पाठवण्यासाठी छापली जात, त्यावर इमारतीपेक्षा माणसं जास्त दिसतात आणि ओळीत मिशनचा उल्लेख सहसा असतो. तुमच्या कार्डावर नुसतं ‘हॉस्पिटल’ आहे. गावातल्या मुख्य सरकारी दवाखान्यालाच असं विशेषण न लावता हॉस्पिटल म्हणत, त्यामुळे पारडं सिव्हिलकडे झुकतं हे मान्य. पण झुकतं इतकंच. व्हरांड्यात फक्त बायका आणि परिचारिका दिसत असतील तर डफरीनचा विचार करा. पक्क्या इमारतीशेजारी झापांच्या किंवा पत्र्याच्या शेडची रांग दिसत असेल तर प्लेगची आठवण ठेवा. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघड झाला, पुढच्या काही वर्षांत तो दख्खनच्या गावांत पसरला आणि गावाबाहेर अशा वसाहती उभ्या राहिल्या.

दुसरा धोका गावाचाच. छापखाने दूरचे, खिळे जुळवणारा हे गाव कधी न पाहिलेला. त्यामुळे एका गावाच्या चित्राखाली दुसऱ्याचं नाव पडलेली कार्डं मिळतात. कोल्हापूर आणि शोलापूर ही जोडी तर घोटाळ्याला आमंत्रणच. म्हणून तुमचं चित्र आधी कोल्हापूरच्या जुन्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलशी, म्हणजे मेजर मँट या वास्तुरचनाकाराच्या आराखड्याच्या, आजच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयाशी ताडून बाद करा. मग मिरजेच्या मिशन हॉस्पिटलशी, जिथे डॉ. वानलेस यांनी काम उभं केलं. दोन्हींचे जुने फोटो सहज सापडतात, अर्ध्या तासाचं काम आहे. ‘शोलापूर’ या स्पेलिंगवरून मात्र काळ ठरवू नका, स्वातंत्र्यानंतरही ते कित्येक वर्षं चालू होतं.

खरी ओळख पटते ती जागेवर. कार्ड ६०० डीपीआयवर स्कॅन करा (छापील असेल तर १२००, आणि स्कॅनरची ठिपके पुसण्याची सोय बंद ठेवून), ए-फोर कागदावर मोठी प्रिंट काढा आणि ती घेऊन सिव्हिलच्या आवारात जा. आधी कार्यालयातून परवानगी घ्या, रुग्ण फोटोत येणार नाहीत याची काळजी घ्या. तिथे ‘दिसायला तशीच वाटते’ यावर थांबायचं नाही, मोजायचं. व्हरांड्याच्या खांबांमधले गाळे किती, कमानी अर्धगोल की चपट्या, जोत्याला पायऱ्या किती, कोपऱ्याचे दगड घडीव की ओबडधोबड, छपराला मंगलोरी कौलं की पत्रा. छप्पर बदलतं, रंग बदलतो, व्हरांडे जाळ्या लावून बंद होतात, वर मजला चढतो. गाळ्यांची संख्या आणि जोत्याचा दगड सहसा बदलत नाही. मोठ्या दुरुस्तीत पायऱ्या रॅम्पखाली गाडल्या जातात, तेव्हा रॅम्पच्या कडेला खाली वाकून बघा, जुन्या पायरीचं टोक दिसतं. १९६३ मध्ये इथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, त्यानंतर आवारात बरंच नवं बांधकाम झालं. जुनी इमारत उभी नसेल किंवा मागे दडली असेल ही तयारी ठेवा. न सापडली म्हणजे ती सिव्हिलची नव्हती असं ठरत नाही.

सावलीचा उपयोग करा. सोलापूर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्ट उजाडेपर्यंतच दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, उरलेलं वर्षभर दक्षिणेला. चित्रात सावल्या आखूड आहेत आणि दर्शनी भिंत तरीही स्वच्छ उजेडात आहे, तर ती भिंत दक्षिणेकडे तोंड करून असण्याची शक्यता जास्त. टांग्याची सावली लांब पसरली असेल तर सकाळ किंवा संध्याकाळ, आणि भिंत पूर्वेची की पश्चिमेची हे बघावं लागतं. जिच्याबद्दल तुम्हाला शंका आहे त्या इमारतीचं तोंड मोबाइलच्या होकायंत्रावर बघा; जुळत नसेल तर एक पर्याय कमी झाला. यात एक फसगत होते : काचेची प्लेट उलटी ठेवून छापली तर चित्र आरशातल्यासारखं डावंउजवं होतं. पाटीवरची अक्षरं किंवा पुरुषांच्या कोटाची बटणपट्टी बघून आधी ती खात्री करा, नाहीतर सावलीचं सगळं गणित उलटं पडेल.

इथवर आलात की तुमच्याकडे काळाचे दोन काठ आणि एखाददुसरी इमारत उरलेली असेल. मग कागदपत्रं. मुंबई सरकारच्या गॅझेटियरचा शोलापूरचा विसावा खंड १८८४ चा आहे, त्यात जिल्ह्यातल्या दवाखान्यांची माहिती वाचा. त्यापुढच्या काळासाठी मुंबई इलाख्यातल्या सिव्हिल हॉस्पिटल्स आणि डिस्पेन्सऱ्यांचे वार्षिक अहवाल. ब्रिटिश हिंदुस्थानच्या वैद्यकीय इतिहासाची पुष्कळ कागदपत्रं स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने इंटरनेटवर खुली ठेवली आहेत. शोधताना ‘शोलापूर’ची जुनी स्पेलिंगं, शेवटी ‘ओआरई’ असलेलंसुद्धा, टाकून बघा, आजच्या स्पेलिंगने फारसं काही हाती लागणार नाही. गावात हिराचंद नेमचंद वाचनालय आहे, महापालिकेचं जुनं दप्तर आहे. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथे जाल तेव्हा सार्वजनिक बांधकाम खात्याची कागदपत्रं मागा, कारण इमारत कधी बांधली, कधी वाढवली याचा पैशाचा हिशोब त्या खात्याकडे असतो, दवाखान्याकडे नव्हे.

आजोबांच्या नोकरीबद्दल थोडं सांभाळून बोलायला हवं, कारण ती तुमच्या मायेची गोष्ट आहे. ते सिव्हिलमध्ये होते यावरून कार्ड त्यांच्याकडे का आलं हे कळू शकतं, चित्रात सिव्हिल आहे हे सिद्ध होत नाही. पत्ता कोणाच्या नावाचा आहे ते मोडीसह वाचून घ्या. कार्ड त्यांच्या जन्माआधीचं निघालं तर ते पणजोबांना आलेलं असेल किंवा त्यांनी कुठून मिळवलेलं असेल, आणि तीही चांगलीच गोष्ट आहे. बाजारात विचारलंत तर कोणी ‘डॉ. कोटणिसांचं हॉस्पिटल’ म्हणून भाव चढवून सांगेल. द्वारकानाथ कोटणीस १९१० मध्ये सोलापुरात जन्मले, पण त्यांचं वैद्यकीय शिक्षण मुंबईत झालं, १९३८ मध्ये ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांचं नाव एखाद्या कार्डाला लावायचं तर तसा लेखी आधार हवा.

जपणूक. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो, मग पावसाळ्याची दमट हवा. कागद आधी ठिसूळ होतो, मग ओलावा ओढतो आणि वाकतो. म्हणून कार्ड पत्र्याच्या ट्रंकेत, माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला टांगून ठेवायचं नाही. पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा. वास येणारं मऊ प्लॅस्टिक म्हणजे पीव्हीसी, ते शाईला चिकटतं, ते टाळा. ते पाकीट आम्लरहित कागदाच्या लिफाफ्यात आणि लिफाफा आतल्या खोलीतल्या लाकडी नव्हे, रंग दिलेल्या लोखंडी कपाटात, जमिनीपासून वर. फेव्हिकॉल नाही, सेलोटेप नाही, डांबराच्या गोळ्या नाहीत. तेलाचा डाग खोडरबराने किंवा पेट्रोलने काढायला जाऊ नका; डाग पसरतो आणि मोडीची शाई उडते. कसर लागल्याची भोकं दिसली तर कार्ड दोन झिपच्या पिशव्यांत हवा काढून बंद करा, डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका, नाहीतर थंड कागदावर पाणी सुटतं. हॉलमध्ये लावायचंच असेल तर स्कॅनची उत्तम प्रिंट लावा, हवी तेवढी मोठी.

विकायचं की द्यायचं हे तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर मूळ कार्ड घरात राहू द्या आणि दोन्ही बाजूंचं स्कॅन वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला द्या. आजच्या श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाच्या भिंतीवर ते चित्र दिसलं, तर तिथे चाळीस वर्षं काढलेला एखादा वॉर्डबॉय किंवा निवृत्त सिस्टर ‘हा तर आपला जुना अमुक वॉर्ड’ म्हणून बोट ठेवेल. तसं कोणी सांगितलं तर नाव, तारीख आणि त्यांचेच शब्द लगेच लिहून ठेवा.

लिफाफ्यावर, कार्ड आत घालण्याआधी, मऊ पेन्सिलीने एवढं लिहा : ‘चित्राखाली छापील ओळ – हॉस्पिटल, शोलापूर. मागची बाजू विभागलेली, म्हणून १९०२ किंवा नंतरची. शिक्का – शेवटची पाच अक्षरं, बहुधा सोलापूर. इमारत – सिव्हिल असावी, जागेवर पडताळणी बाकी. आजोबांच्या ट्रंकेतून मिळालं.’ खाली आजची तारीख टाका आणि पडताळणी झाली की ‘बाकी’ खोडून पुढे कशावरून ओळखलं तेही लिहा.